ब्रेसलेट सोन्याचं की मुलाम्याचं, हे घरी कसं ओळखावं

कसोटीचा दगड, ॲसिड ही साधनं दागिन्याचा फक्त वरचा थर बघतात, आणि मुलाम्याचा वरचा थर खरोखरच सोन्याचा असतो. गफलत होते ती इथे. वरच्या थराच्या आत काय आहे, हे दागिन्याला ओरखडाही न काढता सांगणारी भरवशाची घरगुती चाचणी एकच आहे: पाण्यातलं वजन. पण त्याआधी डोळ्यांनी दिसतं ते बघून घ्या.

शिक्का हुकावर किंवा टोकाच्या कडीवर असतो. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८, ५८५ म्हणजे १४. जीपी, जीईपी, एचजीई ही अक्षरं मुलाम्याची. ९२५ असेल तर खाली चांदी आहे. 'जीएफ' म्हणजे हलक्या धातूवर सोन्याचा पत्रा दाबून बसवलेला; '१/२० १४के जीएफ' असं असेल तर एकूण वजनाचा विसावा भाग १४ कॅरेट सोनं, बाकी बहुधा पितळ. आकड्यापुढच्या 'केपी'ला मात्र लोक उगीच घाबरतात. ती कॅरेट पुरेपूर असल्याची खूण आहे, मुलाम्याची नव्हे. अर्थात शिक्का कुणीही ठोकू शकतो, आणि खऱ्या सोन्याचा हूक खोट्या साखळीला जोडणंही अवघड नाही.

मग दहापट भिंग घ्या आणि पृष्ठभाग नव्हे, घासल्या जाणाऱ्या जागा बघा: कड्या एकमेकींत अडकतात तो आतला भाग, हुकाची जीभ, मनगटाला लागणाऱ्या कडा. साधा मुलामा बहुधा एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) पातळ असतो, त्यामुळे तो आधी तिथेच उडतो. तिथे लालसर, राखाडी किंवा फिकट पिवळा रंग डोकावला तर निकाल लागला. फक्त डाखाच्या, म्हणजे कड्या वितळत्या धातूने जोडलेल्या जागी रंग थोडा वेगळा दिसला तर घाई करू नका. डाखाचा मिश्रधातू वेगळा असतो.

चुंबकाला साखळी चिकटली तर आत लोखंड किंवा निकेल आहे. नाही चिकटली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण पितळ, तांबं, चांदी यांनाही चुंबक ओढत नाही. हुकातली स्प्रिंग बऱ्याचदा पोलादी असते, तेवढीच ओढली गेली तर ती धरू नका.

आता पाणी. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, छोटा पेला आणि बारीक दोरा लागेल. ब्रेसलेट कोरडं तोला. पाणी भरलेला पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. ब्रेसलेट दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं पाण्यात लोंबकळत धरा. तळाला किंवा काठाला टेकलं तर आकडा फुकट. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर ब्रेसलेटचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा; येईल ती घनता.

समजा कोरडं वजन २४.६० ग्रॅम आणि पाण्यातला आकडा १.४० आला, तर घनता १७.६. हे २२ कॅरेटशी जुळतं. तेवढ्याच वजनाच्या पितळी ब्रेसलेटला आकडा २.९च्या आसपास येईल, घनता साडेआठ. पिवळ्या सोन्यात १८ कॅरेटची घनता १५ ते १६, १४ कॅरेटची साधारण १३ ते १४. चांदीची साडेदहा, तांब्याची नऊच्या जवळ. आकडा शिक्क्याशी जुळला पाहिजे, नुसता मोठा असून भागत नाही. ९१६चा शिक्का आणि घनता १९ ही जोडी उलट संशयास्पद, कारण सोन्याच्या थराखाली लपवता येणाऱ्या टंगस्टन या जड धातूची घनता १९.२५ आहे.

चुका ठरलेल्या आहेत. कड्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे घनता कमी दाखवतात; पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाका आणि ब्रेसलेट हलवून घ्या. ब्रेसलेट हलकं असेल तर काट्याची बारीक चूकही मोठी होते: ३ ग्रॅमच्या २२ कॅरेटला ०.०१चा फरक उत्तर १६.७ ते १८.८ असं फिरवतो. तीनदा मोजून सरासरी घ्या. खडे, मणी, मीनाकाम असेल तर ही चाचणी सोडा. पोकळ ब्रेसलेट तर अस्सल सोन्याचं असूनही हलकं ठरतं. आकाराच्या मानाने वजन कमी वाटलं आणि पाण्यात बुडबुडे निघतच राहिले, तर ते पोकळ आहे.

कसोटीवर नुसती रेघ ओढली तर मुलाम्याचंच सोनं दगडावर उतरतं. म्हणून आधी न दिसणाऱ्या जागी कानशीने छोटी खाच पाडावी लागते. खाचेत नायट्रिक ॲसिडचा थेंब टाकल्यावर हिरवा फेस आला तर तांबं किंवा पितळ, दुधाळ डाग आला तर चांदी. हातमोजे, चष्मा आणि खेळती हवा नसेल तर हे सोनाराकडेच करून घ्या. एक्स-रे मशीनही वरचाच थर वाचतं, तेव्हा तिथेही ही खाच दाखवून तिथलाच आकडा मागा.