करडई पेरायची तर हत्ती (हस्त नक्षत्र) संपायच्या आत पेरा, दिवाळीची वाट बघू नका

मूग-उडीद निघून रान रिकामं झालंय अशा बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, रायबाग, गोकाककडच्या मंडळींसाठी हे लिहूलोय. खानापूरच्या भातवाल्यांनी सोडून दिलं तरी चालतंय, कारण बुडात पाणी थांबलं की करडई गेलीच म्हणून समजा. काळं निचऱ्याचं रान पाहिजे, मूळ चार-पाच फूट खाली जाऊन ओल ओढतंय, म्हणून तर पाऊस संपल्यावरबी हे पीक तग धरतंय.

आता मेन गोष्ट तारखेची. उत्तरा नक्षत्र संपता संपता नाहीतर हत्तीत, म्हणजे साधारण 20 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर, यातच पेरा. लई लवकर पेरली तर पावसात पानांवर काळे-तपकिरी ठिपके पडतात, आणि उशीर केला तर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. मी एका वर्षी सोयाबीन काढणीत अडकलो, पेरणी दिवाळीपर्यंत गेली, आणि मग जानेवारीत झाडं माव्यानं अशी काळी चिकट झाली की हात लावू वाटेना, दोन फवारण्यांचा खर्च गेला तो वेगळाच.

बी एकरी 4 ते 5 किलो बास. आपल्या भागात अण्णिगेरीची ए-1 ही जात जुनी ओळखीची आहे, पलीकडं सोलापूरकडं भीमा, फुले कुसुमा चालतात. रैत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या हापिसात) आधीच चौकशी करून ठेवा, ऐन वेळी धावाधाव नको. बियाच्या किलोला 3 ग्रॅम थायरम (बुरशीनाशक) चोळायला आळस करू नका, मर रोग जमिनीतनं आणि बियातनं येतोय, आणि एकदा झाड वाळाय लागलं की काही करता येत नाही. त्याच रानात दरवर्षी करडईबी नको. कोरडवाहूला एकरी एक पोतं युरिया आणि सव्वा पोतं सिंगल सुपर फॉस्फेट, सगळं पेरतानाच कुरीनं (पाभरीनं) खाली पाडा, वरनं फेकलेलं कोरड्या रानात पिकाला लागत नाही. ओळी दीड फुटावर.

आणि विरळणी! इथंच आपली माणसं चुकतात, उगवलेलं रोप उपटायला जीव होत नाही. पेरल्यापासून 15-20 दिवसांत दोन रोपांत एक वीत ठेवून बाकीची काढाच, नाहीतर फांद्या फुटत नाहीत आणि बोंडं कमी लागतात. काढलेली कोवळी रोपं फेकू नका, लसूण-मिरची घालून भाजी करा, जोंधळ्याच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. घरच्यांना सांगितलं की विरळणी आपोआप होतीय बगा.

पाणी असलं तर 30-35 दिवसांनी एक आणि फुलावर येताना एक, तेबी हलकं, आणि रानाला भेगा पडायच्या आधी. भेगा पडल्यावर दिलं तर पाणी खाली साठतंय, मुळ्या कुजतात. ऊसवाल्यांनी हात आवरायचा.

मावा आधी बांधाकडंनं शिरतोय. कडेच्या पाच-सात ओळी रोज बघा, दिसला की तेवढाच पट्टा फवारा, सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क, नाही आटोपला तर डायमेथोएट 10 लिटरला 15 मिली. फुलं उमलल्यावर मधमाश्या येतात, तेव्हा सकाळची फवारणी नको.

सगळं रान करडईला द्यायचं नसेल तर जोंधळ्याच्या कडेनं चार-सहा ओळी टाका, काट्याला घाबरून गुरं आत शिरत नाहीत, आणि घरच्या तेलापुरतं बी निघतंय. हरभऱ्यातबी चांगली जमते.

काढणी साडेचार महिन्यांच्या आसपास, पानं-बोंडं पिवळी तपकिरी झाली की. पहाटे दव असताना काढा, काटे मऊ असतात, आठ-नऊ वाजले की सुईसारखे टोचतात. हातमोजे घाला, पायाला गोणपाट बांधा. रान मोठं असेल तर हार्वेस्टरवाल्याला आधीच सांगून ठेवा, फेब्रुवारी-मार्चला तो कुणाला सापडत नाही.