लक्ष्मी तलावाच्या काठाने जंगलवाट चालताना

कोल्हापूरहून सुमारे ५० किलोमीटरवर, राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाचा लक्ष्मी तलाव आहे. त्याच्या भोवतीचे रान १९५८ पासून संरक्षित असून अभयारण्याचे क्षेत्र आता ३५१.१६ चौरस किलोमीटर आहे. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते. एरवी वनविभागाची परवानगी घेऊन, खुणा केलेल्या वाटेनेच फिरावे. चढ फारसा नसल्याने आजी-आजोबा आणि मुलांनाही अशी वाट जमते.

मात्र सोपी वाट चुकण्याचे कारणही सोपेच असते. 'पाणी डाव्या हाताला ठेवले की झाले' असे मानून लोक खुणांकडे पाहणे सोडून देतात. धरणाचा काठ नदीच्या काठासारखा स्थिर नसतो. सुमारे ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्याचा हा तलाव भरला की पाण्याची बोटे ओहोळांमधून रानात खोलवर शिरतात आणि उन्हाळ्यात तीच मागे हटून मध्ये रुंद गाळपट्टे उघडे पडतात. पलीकडची वाट समोर दिसत असल्यामुळे गाळातून आडवे जाण्याचा मोह होतो. वरचा पोपडा भेगाळलेला आणि कोरडा दिसला, तरी खाली ओला चिखल असतो. एकदा माझा पाय तिथे पोटरीपर्यंत रुतला. पाय निघाला, चप्पल राहिली. त्यामुळे वळसा कितीही मोठा वाटला, तरी वाट नेईल तिकडूनच जावे.

झाडावरची किंवा दगडावरची खूण दिसल्यावर तिथूनच पुढची शोधावी आणि ती सापडली नाही, तर एकाने त्याच खुणेपाशी थांबून दुसऱ्याने थोडे पुढे जाऊन पाहावे. दोघांनी मिळून अंदाजाने पुढे जाऊ नये. गुरांच्या वाटा हुबेहूब पायवाटेसारख्या दिसतात, पण त्या पाण्यापाशी येऊन संपतात. परतीच्या वेळी तीच वाट अनोळखी वाटते, म्हणून जाताना अधूनमधून मागे वळून पाहिलेले बरे.

पायात जमिनीवर चांगली पकड घेणाऱ्या तळव्याचे बूट असावेत. जांभ्याच्या गोल खड्यांवर वाळका पाचोळा पसरला की उतारावर पाय हमखास घसरतो. प्रत्येकी दोन लिटर पाणी जवळ ठेवावे. तलावातील पाणी पिण्यासाठी गृहीत धरू नये आणि पोहायला तर मुळीच उतरू नये.

हे रान गव्यांचे आहे. गवा दिसल्यास फोटोसाठी पुढे न सरकता, त्याची वाट मोकळी सोडून शांतपणे मागे यावे. एकटा नर असेल तर अंतर आणखी वाढवावे. दिवस कलताना जनावरे पाण्यावर येऊ लागतात, म्हणून त्याआधीच काठ सोडावा. ओल्या गाळात दुभंगलेल्या खुरांचे ठसे असतील आणि त्यांत पाणी अजून झिरपत असेल, तर कळप नुकताच तिथून गेला आहे.