विश्रांती दिलीत, झोप मिळाली का? क्रू बुक करताना या चुका टाळा

रेल्वेच्या क्रू लॉबीत, म्हणजे कोणत्या गाडीवर कोण चालक जाणार हे जिथे ठरतं तिथे, माझी 19 वर्षं गेली. नवा कंट्रोलर आला की दुसऱ्याच दिवशी तीच चूक करतो. स्क्रीनवर नावापुढे विश्रांती पूर्ण दिसली की नाव उचलतो आणि कॉल, म्हणजे ड्यूटीचं बोलावणं, देतो. पाच मिनिटांत गाडीला माणूस मिळाला म्हणून खूशही होतो. मीही तसाच होतो, म्हणून आधी माझीच फजिती सांगतो.

नियम सोपा आहे. 8 तास किंवा जास्त ड्यूटी झाली असेल तर मुख्यालयात, म्हणजे घरच्या ठिकाणी, 16 तास विश्रांती, कमी असेल तर 12. माझा एक लोको पायलट, म्हणजे इंजिन चालक, रात्रभर गाडी चालवून सकाळी 6 ला साइन ऑफ झाला, म्हणजे ड्यूटीतून सुटला. 16 तास रात्री 10 ला भरत होते. मी 10 ला ड्यूटी सुरू होणारी एक्स्प्रेस त्याच्या नावावर टाकली. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती.

आता त्याचा दिवस बघा. घरी पोचायला सव्वासात. पोराची शाळा, मग गॅसवाला. शेजारी हळद होती, त्यांचा डीजे अकराला सुरू झाला. साडेबाराला कसाबसा डोळा लागला आणि तीनला उघडला. आठला माझा कॉल गेला. म्हणजे पहाटे साडेतीनला, जेव्हा शरीर सगळ्यात जास्त झोप मागतं, तेव्हा हा माणूस अडीच तासांच्या झोपेवर साडेबारा तास जागा होता.

दुसऱ्या दिवशी बाहेरगावच्या रनिंग रूममधून, म्हणजे क्रूच्या विश्रांतीगृहातून, त्याचा फोन आला. "साहेब, मधली दोन स्टेशनं कधी गेली, मला आठवत नाही." सहायक लोको पायलट सिग्नल पुकारत होता, हा उत्तरही देत होता. इंजिनातलं व्हीसीडी, म्हणजे चालक सावध आहे का ते बघणारं यंत्र, मिनिटभर त्याची हालचाल दिसली नाही की आधी दिवा लावतं, मग हूटर वाजवतं, मग ब्रेक मारतं. त्या रात्री हूटर एकदाही वाजला नाही. हात झोपेतच व्हीसीडीचं बटण दाबत होता. वर्षानुवर्षांची सवय! त्यामुळे "मशीन आहे ना" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. सकाळी साइन ऑफ झालेल्याला मी शक्यतो त्याच रात्री काढत नसे. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी द्यायचो आणि रात्रीच्या गाडीला आदली रात्र घरी झोपलेला माणूस शोधायचो. अगदीच इलाज नसेल तर कॉल देताना विचारायचो, "किती वाजता उठलास?" उत्तर पेन्सिलीने वहीत. दुपारी चारच्या आधी उठलेला असेल तर आधी स्पेअरकडे, म्हणजे राखीव माणसाकडे, बघायचो. यात दहा मिनिटं जास्त जातात. नव्या पोरांना ती दहा मिनिटं जड होतात.

मायलेजसाठी, म्हणजे किलोमीटरवर मिळणाऱ्या भत्त्यासाठी, "मी एकदम फ्रेश आहे, द्या गाडी" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दमलेल्या माणसाला आपण किती दमलोय ते कळत नाही.

रनिंग रूममध्ये एकाच खोलीत पहाटे 2 चा आणि सकाळी 7 चा क्रू घालू नका. एकाला उठवायला दार वाजतं आणि दुसऱ्याची झोप मोडते. ही चूक मी अजूनही दर आठवड्याला ऐकतो.

पीआरचं, म्हणजे ठरावीक काळाने मिळणाऱ्या मोठ्या विश्रांतीचं, गणित नुसत्या तासांवर सोडू नका. महिन्यात 30 तासांच्या चार किंवा 22 तासांच्या पाच, आणि प्रत्येकीत पूर्ण एक रात्र अंथरुणात. पहाटे 4 ला सुरू केलेले 22 तास रात्री 2 ला संपतात. यात रात्र कुठे आली?

झोपेतून उठवून लगेच इंजिनाच्या कॅबमध्ये पाठवू नका. तोंड धुऊन, चहा घेऊन, दोन वाक्यं धड बोलेपर्यंत माणूस अर्धा झोपेतच असतो.

दुसरी मोठी चूक लिंक, म्हणजे ड्यूटीचं ठरलेलं वेळापत्रक, बनवणाऱ्यांची. ड्यूटीची वेळ एकदम मागे ओढायची, संध्याकाळवाल्याला थेट पहाटेवर टाकायचं. उशिरा झोपणं जमतं, पण रोजच्यापेक्षा पाच तास आधी झोप म्हटलं तर कोण झोपणार? 1 डिसेंबर 2013 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये मेट्रो-नॉर्थची लोकल सकाळी सव्वासातनंतर वळणावर घसरली. वेगमर्यादा ताशी साधारण 48 किलोमीटर, गाडी होती 132 वर. चौघं गेले. चालकाला डुलकी लागली होती, आणि दोनच आठवड्यांपूर्वी तो उशिराच्या पाळीतून पहाटेच्या पाळीत आला होता. म्हणून माझ्या लिंकमध्ये वेळ पुढेच सरकायची: सकाळ, दुपार, रात्र. मागे आणायची असेल तर मध्ये पीआर टाकायचो. यावरून आमच्याकडे भांडणं व्हायची, कारण तशी लिंक बसवायला एखादा माणूस जास्त लागतो. लागू दे.

त्याच चालकाला स्लीप अॅप्निया होता, झोपेत श्वास अडकण्याचा आजार. अपघातानंतर तपासणी झाली तेव्हा कळलं. आपल्याकडे रनिंग रूममध्ये जोरात घोरणाऱ्याची टिंगल होते आणि विषय संपतो. जो आठ तास घोरून उठतो आणि लॉबीच्या खुर्चीत पुन्हा पेंगतो, त्याला मी रेल्वेच्या डॉक्टरकडे पाठवायचो. एकजण त्यावरून दोन महिने माझ्याशी बोलला नाही. सध्या रात्री मास्क लावून झोपतो.