राइट-क्लिक केलं की फाइल एक्सप्लोरर बंद पडायचा
कुठल्याही फाइलवर राइट-क्लिक केलं की एक्सप्लोरर गायब, टास्कबारही क्षणभर नाहीसा. विंडोजच्या सिस्टिम फाइल्स तपासणाऱ्या एसएफसी स्कॅनमध्ये काहीच सापडलं नाही. धागा मिळाला तो इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या टूलमध्ये: ॲप्लिकेशन लॉगमधल्या लाल एररमध्ये फॉल्टिंग मॉड्यूल (ज्या भागात बिघाड झाला तो) म्हणून एका जुन्या झिप सॉफ्टवेअरची डीएलएल फाइल (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लोड होणारी कोडची फाइल) होती. अशी सॉफ्टवेअर राइट-क्लिकच्या मेनूत आपली ओळ घुसवतात आणि त्यांची डीएलएल एक्सप्लोररच्याच प्रोसेसमध्ये लोड होते. ती कोसळली की एक्सप्लोररही कोसळतो. लोक उगाच विंडोज फॉरमॅट करतात, त्याचं फार वाईट वाटतं. मेनूत घुसलेल्या अशा ओळींची यादी दाखवणारं निरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू हे फुकट टूल उघडलं, झिपची ओळ निवडून एफ७ने डिसेबल केली, टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रीस्टार्ट केला. मेनू लगेच उघडला! झिप फाइल्स आता विंडोजच्याच 'एक्स्ट्रॅक्ट ऑल'ने उघडते.