सणाच्या सुट्टीत घर भरलं तरी डोकं शांत ठेवायचं असेल तर
तीन आठवडे आधी बसा आणि घरातल्या सगळ्यांना एकच विचारा, यावेळी काय केलंच पाहिजे आणि काय नाही केलं तरी चालेल, कारण निम्मी कामं आपण "दरवर्षी करतो" म्हणून ओढत असतो आणि ती कोणालाच नको असतात. मग उरलेली कामं वाटून टाका, नावासकट. "कोणीतरी करेल" म्हटलं की ते आईच्याच गळ्यात पडतं, लिहून ठेवा.

खर्चाचा आकडा आधीच ठरवा, नंतर भांडण नको.

पाहुण्यांची पांघरुणं आठवडाभर आधी बाहेर काढून उन्हात टाका. आमच्याकडे एकदा रात्री अकराला कळलं की उशा दोन आणि माणसं सहा! चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि म्हाताऱ्यांची औषधं पण तेव्हाच बघून घ्या, सुट्टीत दुकान उघडं मिळेलच असं नाही.

आणि हो, लग्न कधी, पगार किती असले प्रश्न येणारच, त्याचं एक हसरं उत्तर जोडीदाराशी आधीच ठरवून ठेवा. मधला एक दिवस मात्र पूर्ण रिकामा सोडा, कोणाकडे जाणं नाही, कोणाला बोलावणं नाही.