सरोवरी तेलाचा तक्ता वाचताना या चुका टाळा

गोव्यात पायाखाली धारवाडचे जुने खडक आणि वर जांभा. त्यामुळे इथल्या भूशास्त्राच्या मुलांची सोर्स रॉकशी, म्हणजे ज्यातून तेल तयार होतं त्या खडकाशी, ओळख होते ती तपासणीच्या तक्त्यातल्या आकड्यांवरून, आणि सरोवरी तेलाचे, म्हणजे सरोवराच्या गाळातून झालेल्या तेलाचे, घोटाळे तिथेच होतात.

तेल गोठलं म्हणजे ते जड, असं धरू नका. २००४ मध्ये सापडलेल्या, राजस्थानातल्या बारमेरच्या मंगला तेलक्षेत्रातलं तेल चाळीस अंशांच्या आसपासच थिजतं. पहाटेच्या गारठ्यात खोबरेल थिजतं, तसंच हे. कारण त्यातलं मेण. सरोवरातल्या शेवाळाची चरबी आणि पाल्याचं मेण गाळात साचलं, पुरलं गेलं आणि पुढे उष्णतेने त्याचं तेल झालं. ऊब दिली की ते वाहतं, म्हणूनच ते गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत तापत्या पाइपलाइनमधून न्यावं लागतं. तेव्हा पोअर पॉइंटसोबत (ज्या तापमानाखाली तेल वाहत नाही तो आकडा) एपीआय (तेल हलकं की जड हे सांगणारा आकडा) बघितल्याशिवाय शेरा लिहू नका.

दुसरी चूक फार पसरलेली आहे: गंधक कमी म्हणजे सरोवर, जास्त म्हणजे समुद्र. गोड्या पाण्यात सल्फेट थोडं, म्हणून गंधकही थोडं, इथवर बरोबर. पण आटत गेलेल्या खाऱ्या सरोवराचं काय? चीनच्या जियांगहान खोऱ्यात अशाच सरोवरी थरांतून भरपूर गंधकाचं तेल निघालं. गंधकाबरोबर गॅमासेरेन, म्हणजे जुन्या सजीवांची खूण सांगणारं तेलातलं एक संयुग, तपासा; ते वाढलेलं असेल तर पाण्याचे खारे-गोडे थर पडले असण्याची शक्यता मोठी. बॉट्रिओकॉकेन हे तसंच दुसरं संयुग सापडलं तर बॉट्रिओकॉकस शेवाळाचा माग लागतो. मात्र ते नाही म्हणून सरोवर नाही, असं होत नाही.

सरोवराचा प्रत्येक गाळ टाइप वन, म्हणजे हायड्रोजन भरपूर असलेल्या, तेल देणाऱ्या सेंद्रिय द्रव्याचा, नसतो. खोल, प्राणवायू नसलेल्या मध्यभागी हायड्रोजन इंडेक्स (गाळाची तेल देण्याची क्षमता दाखवणारा आकडा) ६०० च्या वर जातो. नदीच्या मुखाशी लाकूड-पाला जास्त, तिथे तेलापेक्षा वायूकडे कल. एका नमुन्यावरून अख्खं खोरं ठरवू नका. टीमॅक्सवरही (नमुना तापवताना सर्वांत जास्त तेल-वायू सुटतो ते तापमान; त्यावरून खडक किती पिकला ते ठरवतात) एकट्यावर विसंबू नका, टाइप वनमध्ये तो परिपक्वता वाढली तरी फारसा हलत नाही.

आणि समुद्र दारात असलेल्या आपल्याला सहज होणारी चूक: विहीर समुद्रात, म्हणून तेल सागरी. ब्राझीलच्या मिठाच्या थराखालचं तेल आज अटलांटिकच्या तळाखाली आहे, पण त्याचा सोर्स रॉक आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका विलग होताना पडलेल्या खचदऱ्यांतल्या सरोवरांत साचला. मीठ त्यावर नंतर बसलं. नकाशा आजचा बघू नका, थराच्या वयाचा बघा.