पूर्ण वेळ की अर्धा वेळ? आधी पाळणाघराची वही बघा

ऐरोलीतल्या एका कंपनीत मी पेरोल, म्हणजे सगळ्यांच्या पगाराचा हिशोब, बघते, राहते ठाण्यात, वर्तकनगरला. लेक आता सातवीत आहे. ती तीन वर्षांची होती तेव्हा माझं ऑफिस परळला होतं आणि ‘नोकरी अर्धवेळ करावी का’ हा विचार रोज रात्री ओटा पुसताना डोक्यात असायचा. आता ऑफिसातल्या नव्या आया, आणि हल्ली एखादा बाबासुद्धा, पगाराची स्लिप घेऊन माझ्या टेबलाशी येतात आणि तेच विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

सगळ्यात आधी, निर्णय घेऊ नका. एक महिना फक्त वेळा लिहून ठेवा. घरातून निघालात कधी, परत आलात कधी, मूल जागं असताना किती वेळ तुमच्याजवळ होतं. मला हे आयतं मिळालं. पाळणाघराच्या काकूंकडे एक लांबडी वही होती: आणल्याची वेळ, नेल्याची वेळ, सही. एका शनिवारी मी ती मागून घेतली आणि महिन्याची बेरीज केली. २२ दिवसांपैकी १८ दिवस नेल्याची वेळ सातच्या पुढची. सातनंतर दिवसाला ५० रुपये जादा, म्हणजे ९०० रुपये. पैशांपेक्षा मला काकूंचं बोलणं लागलं. म्हणाल्या, “साडेसहापर्यंत मजेत खेळते गं. बाकीची मुलं गेली की मग चपला घालून दाराशी बसते.”

त्या वहीने मला माझा प्रश्न नेमका दाखवला. दुपारी ती झोपायची, जेवायची, खेळायची. तिथे माझी उणीव नव्हती. अडत होतं ते संध्याकाळच्या दीड तासावर. आणि त्या दीड तासासाठी मी अख्ख्या नोकरीचे दोन तुकडे करायला निघाले होते! तुमच्या वहीत कदाचित वेगळं निघेल. मूल सारखं आजारी पडत असेल, रात्री दोनदा उठत असेल, किंवा घरी सांभाळणारं कुणीच नसेल, तर पाच-सहा तास खरंच लागतील. पण ते आधी कागदावर दिसू द्या.

मग पैसे. हा हिशोब नवरा-बायकोने एकत्र बसून करायचा, दोघांच्या स्लिपा समोर ठेवून. पाळणाघराचा खर्च आईच्याच पगारातून वजा करायची आपल्याकडे सवय आहे. ती मला मुळीच मान्य नाही. मूल दोघांचं, खर्चही दोघांचा. तरी तुलनेसाठी माझे तेव्हाचे आकडे देते.

पूर्ण वेळ: हाती ४२,०००. पाळणाघर ६,०००, उशिराचे ९००, पास आणि रिक्षा २,८००, पोळीभाजीच्या मावशी ३,०००, दमून बाहेरून मागवलेलं खाणं ३,२००. एकूण १५,९००. उरले २६,१००.

अर्धा वेळ, वागळे इस्टेटमधली एक नोकरी: हाती २१,०००. पाळणाघर अर्धा दिवस ३,५००, रिक्षा १,५००. उरले १६,०००.

म्हणजे स्लिपवर २१,००० चा दिसणारा फरक घरात १०,१०० चा होता. बहुतेक जण इथे हिशोब थांबवतात. मी पेरोलची, मला थांबता येईना. हाती येणाऱ्या रकमेत जे दिसत नाही ते पुढे आहे.

माझा बेसिक, म्हणजे मूळ पगार, २०,००० होता. कंपनी त्याच्या १२ टक्के पीएफमध्ये भरायची, म्हणजे महिन्याला २,४००. वागळे इस्टेटवाले मला ‘कन्सल्टंट’ म्हणून घेणार होते. त्यात पीएफ नाही, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) नाही, भरपगारी रजा नाही. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये, म्हणजे आरोग्य विम्यात, लेक आणि सासू-सासरे होते, तेही जाणार. शिवाय कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात आणि माझी चार वर्षं दोन महिने झाले होते. बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं: पाच वर्षांचे ५७,६९२ रुपये. दहा महिने आधी सोडलं असतं तर त्यातला एक रुपया मिळाला नसता. तुमच्या नेमणूक पत्रावरची तारीख आजच बघा.

नोकरी बदललीच तर पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) ट्रान्सफर करा. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते आणि पैसे काढले की ती मोजणी तुटते. अर्धवेळ पगार २१,००० किंवा त्याहून कमी असेल आणि तिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतं का ते विचारा. तुमचे फक्त ०.७५ टक्के कापले जातात आणि घरच्यांना उपचार मिळतात. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या बदलानंतर पाळणाघराची सोय कंपनीने करायची आहे, आणि दिवसातून चार वेळा मुलाला भेटू द्यायचं आहे. मागितल्याशिवाय हे कुणी सांगत नाही.

मी आधी वेळ बदलून मागितली. तोंडी नाही, अर्ध्या पानावर लिहून: आठ ते साडेचार, तीन महिने करून बघू, साडेचारनंतर तातडीचं काम कोण बघेल त्याचं नाव. साहेबांना अडचण सांगण्यापेक्षा व्यवस्था सांगितली की बोलणं लवकर संपतं. नवऱ्याचं ऑफिस महापेला, दहाचं. सकाळचं आवरणं, डबा आणि पाळणाघर त्याने घेतलं. पहिल्या आठवड्यात वेणी वाकडी यायची, मग जमलं. मी सहा-सव्वासहाला काकूंच्या दारात असायचे. पगार पूर्ण राहिला, आणि पाच वर्षंही भरली.

अर्धवेळ मी नंतर केलं, लेक पहिलीत गेली तेव्हा. शाळा दुपारची, सासऱ्यांचं डायलिसिस सकाळी. तेव्हा वहीतले तासच बदलले होते. पण एक चूक केली: तास पत्रात लिहून घेतले नाहीत. साडेबारा ते पाच ठरलेलं असताना रात्री आठला टीडीएसचे (पगारातून कापायच्या कराचे) फोन यायला लागले. महिनाअखेरीला तर पूर्ण दिवस जायचा. निम्म्या पगारात पाऊण काम. दोन महिने सोसून मी पत्र बदलून घेतलं: रोजचे साडेचार तास, शेवटचे तीन दिवस पूर्ण वेळ आणि त्याचे वेगळे पैसे, पाचनंतर फोन नाही, नाव पगारपत्रकावर, पीएफ चालू. दिवाळीनंतर पुन्हा बोलायची तारीखही त्यातच. ही वाक्यं पत्रात नसतील तर सही करू नका.

अर्धवेळ घेताना दोन गोष्टी आधीच विचारून ठेवा. ऑफिसात: पुन्हा पूर्ण वेळ हवा असेल तर किती दिवस आधी सांगायचं? आणि पाळणाघरात: मे महिन्यात शाळा बंद असताना पूर्ण दिवस जागा मिळेल का? काकूंकडे सुट्टीसाठी फेब्रुवारीतच नावं लागायची. मी एका वर्षी एप्रिलमध्ये गेले आणि जागा संपली होती, तो अख्खा महिना आम्ही दोघांनी आलटूनपालटून रजा काढली.